स्पिरिट : एक नाव, तीन द्रव



वसंत व्याख्यानमालेला संध्याकाळी माणसे येतात ती साहित्य, इतिहास, राजकारण यांवर चार विचार ऐकायला. तेथे रसायनशास्त्रातला विषय घेऊन उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत काढा वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'स्पिरिट' एवढा एकच शब्द सांगितला. त्यावर त्यांनी मोठ्या अदबीने विचारले, की व्याख्यान अध्यात्मावर आहे की भुताखेतांवर? दोन्हींवर नाही. औषधाच्या दुकानात, सुताराच्या डब्यात आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दिव्यात जे स्पिरिट असते, त्याच्यावर मी बोलणार आहे. एक गंभीर कारण आहे म्हणून हा विषय घेतला. विक्रोळी आणि मालाडची मालवणी या आपल्याच उपनगरांतल्या दोन वस्त्यांत, दोन वेळा मिळून, पाऊणदोनशेहून अधिक माणसे स्पिरिटाने मेली. त्यांना जे प्यायला दिले गेले त्याचे खरे नाव त्यांतल्या बहुतेकांना मरेपर्यंत कळले नसणार.

स्पिरिट हे एका वस्तूचे नाव नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिका दंडावर कापसाचा गार बोळा फिरवते, ते स्पिरिट. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पॉलिशवाला चपडा लाख ज्यात विरघळवतो, तेही स्पिरिट. स्टेशनाबाहेर मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा छोट्या ब्रशाने ज्या द्रवाने आतली पाटी पुसतो, त्याला तो कधी स्पिरिट म्हणतो, कधी नुसते 'आयपीए'. आणि कारखान्याच्या आवारात पिंपांतून जे येते, त्यालाही हमाल स्पिरिटच म्हणतात. हे सर्व द्रव पाण्यासारखे स्वच्छ, पाण्याहून हलके, पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळणारे आणि ठिणगी लागताच पेटणारे. परंतु यांत तीन वेगवेगळी रसायने आहेत. ज्याच्या रेणूत कार्बनचा एक अणू ते मेथॅनॉल, दोन अणू ते इथेनॉल, तीन अणू ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. इथेनॉलाला आपल्याकडे मद्यार्क असा मोठा सुंदर शब्द आहे. मेथॅनॉल ६५ अंशांना उकळते, इथेनॉल ७८ अंशांना, आयसोप्रोपिल ८२ ते ८३ अंशांना. तापमापक हाती असेल तर फरक सांगता येतो. डोळ्यांना आणि नाकाला तो सांगता येईलच असे नाही.

या मंडळींची कारखान्यात एवढी चलती कशामुळे, हे समजायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. हळद पाण्यात कालवा. पाणी गढूळ होईल, आणि थोड्या वेळाने हळद तळाशी बसेल. तीच हळद स्पिरिटात टाका. तिचा पिवळा रंग द्रवात उतरेल आणि वर स्वच्छ सोनेरी अर्क राहील. कापराचे तसेच, आयोडिनाचे तसेच. पाणी त्यांना जवळजवळ थारा देत नाही, स्पिरिट पोटात घेते. टिंक्चर आयोडिनातले टिंक्चर म्हणजे हा स्पिरिटातला अर्कच. याचे कारण असे, की या रेणूंचे एक टोक पाण्याच्या जातीचे आहे आणि दुसरे तेलाच्या. म्हणून दोन्ही घरच्या पाहुण्यांशी त्यांचे जमते. शिवाय काम झाले की हा द्रव हवेत उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. लाख विरघळवून लाकडावर फिरवली की स्पिरिट उडते, लाखेचा चकचकीत थर मागे राहतो. सामान घरात पोचवून, भाडे न मागता निघून जाणारा हा हमाल आहे. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला द्रावक म्हणतात.

ही उपनगरे वाढली तसा हा द्रावक येथे पिंपांनी येऊ लागला. जुन्या आग्रा रस्त्यावर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, भांडुपपासून मुलुंडपर्यंत औषधांचे मोठे कारखाने होते. मुलुंडचे हेक्स्ट आणि जॉन्सन ही नावे येथल्या जुन्या मंडळींना पाठ असतील, आणि त्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी घरेही त्यांना आठवत असतील. औषधाचे स्फटिक पाडायचे तर द्रावक लागतो, गोळीला वरचे कवच द्यायचे तर द्रावक लागतो, आणि जेथे जंतू चालत नाहीत अशा खोलीतले टेबल पुसायलाही द्रावक लागतो. पुढे अंधेरीला १९७३ साली सीप्झ निघाले. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कामात डाग दिलेल्या पाटीवर राळ चिकटून राहते. ती धुवायला आयसोप्रोपिलसारखा दुसरा सोयीचा द्रव नाही. छपाईची शाई, अत्तरे, रंग, प्लायवूड... यादी वाचत बसलो तर आपण घड्याळाकडे पाहू लागाल.

या तिघांची कुळे मात्र निराळी आहेत.

मद्यार्काचे कूळ आपल्या उसाच्या मळ्यात आहे. साखर काढून झाल्यावर कारखान्यात जो काळा, चिकट रस उरतो ती मळी. एक टन उसातून साधारण चाळीस किलो मळी निघते, आणि एक टन मळी यीस्टने आंबवली की सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. आंबलेल्या द्रवात मद्यार्क शेकडा आठ-दहाच असतो. तो उंच मनोऱ्यांत ऊर्ध्वपातनाने पंचाण्णव टक्क्यांपर्यंत नेतात. त्यापुढे नुसत्या उकळण्याने जाता येत नाही, कारण उरलेले पाणी आणि मद्यार्क हातात हात घालून एकदमच उकळतात. राहिलेले पाणी काढायला आता आण्विक चाळण्या वापरतात. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळण्याचे जे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, तो इथेनॉल असा कोरडा केलेला असतो. घाटकोपरच्या मंडळींना विद्याविहारचे सोमय्या संकुल ठाऊकच आहे. त्याचे संस्थापक करमशीभाई सोमय्या हे साखरेतले. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला त्यांच्या कारखान्याच्या आवारात साखरेच्या पुढे मद्यार्कापासून रसायने बनू लागली. नखे रंगवण्याच्या आणि छपाईच्या शाईच्या कामी येणारे इथिल अ‍ॅसिटेट हे त्यांतले एक. आपल्या गल्लीतले कॉलेज आणि नगर जिल्ह्यातली मळी यांचे नाते असे आहे.

आयसोप्रोपिलचे कूळ खनिज तेलातले. अमेरिकेत १९२० साली तेलशुद्धीकरणातल्या वायूपासून ते बनवले गेले, आणि पेट्रोरसायनांचा उद्योग तेथून सुरू झाला असे मानतात. आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलने साठच्या दशकात पेट्रोरसायनांचे मोठे संकुल उभारले होते. ते पुढे बंद पडले. २००६ पासून तळोज्याला दीपक फर्टिलायझर्स आयसोप्रोपिल करते.

तिसरे मेथॅनॉल. हे एके काळी लाकूड बंद भांड्यात तापवून निघे, म्हणून त्याला लाकडाचे स्पिरिट म्हणत. 'मिथिल' या शब्दाच्या पोटातही ग्रीक भाषेतले मद्य आणि लाकूड हेच दोन शब्द आहेत. १९२३ साली जर्मनीत बीएएसएफने ते वायूंपासून, प्रचंड दाबाखाली, उत्प्रेरकावर तयार केले आणि लाकडाची गरज संपली. आपल्या शेजारी ट्रॉम्बेच्या खतकारखान्यातही मेथॅनॉल होऊ लागले, तरी देशाला लागणाऱ्या मेथॅनॉलपैकी बहुतांश आज बाहेरून, विशेषतः आखाती देशांतून, जहाजाने येते. त्याचे फॉर्मलिन होते, फॉर्मलिनचे प्लायवूडचे डिंक होतात. येथे उपस्थित असलेल्या बहुतेकांच्या घरच्या कपाटात मेथॅनॉल या रूपाने बसलेले आहे, आणि तेथे ते निरुपद्रवी आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण विषाची गोष्ट तेथून सुरू होते. मद्यार्क पिता येतो, म्हणून प्रत्येक सरकार त्याच्यावर कर बसवते. पण तोच मद्यार्क रंगवाल्याला आणि औषधवाल्याला स्वस्त हवा असतो. यातून इंग्लंडने १८५५ साली वाट काढली. मद्यार्कात दहावा हिस्सा लाकडाचे स्पिरिट मिसळायचे, म्हणजे तो पिण्यालायक राहणार नाही, आणि मग कर माफ. मेथिलेटेड स्पिरिट हे नाव तेव्हाचे. आपण त्याला विकृत मद्यार्क म्हणतो. हल्ली त्यात इतर कडवट, दुर्गंधी द्रव्येही घालतात. युक्ती हुशारीची होती, यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत होते, की विष आहे हे कळल्यावर माणूस पिणार नाही. ज्याला व्यसनाने घेरले आहे आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला हे गृहीत लागू पडत नाही. आपल्या मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, तेव्हा तर दारू शब्दाची व्याख्या इतकी रुंद होती की औषधे आणि कोलनवॉटरही तिच्यात सापडत. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांपुरता तो भाग रद्द केला. त्या काळात पॉलिशचे स्पिरिट गाळून पिणारे मुंबईत होते. औद्योगिक मद्यार्क ही दारू आहे की नाही, हा वाद पुढेही मिटला नाही. १९८९ साली सात न्यायमूर्तींनी तो राज्यांच्या विरुद्ध निकालात काढला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आठ विरुद्ध एक मताने, तो फिरवला. 'मादक मद्य' या शब्दांत औद्योगिक मद्यार्कही येतो आणि त्याचे नियमन राज्याला करता येते, असा आजचा निर्णय आहे. एका द्रवाची जात ठरवायला पाऊण शतक लागले!

हे सारे झाले मद्यार्काचे. माणसे मेली ती मात्र मेथॅनॉलने. येथे एक सर्वत्र पसरलेला गैरसमज दूर केला पाहिजे. असे म्हणतात, की हातभट्टीवाल्याची भट्टी बिघडली, दारू 'जास्त कडक' झाली, म्हणून ती विषारी ठरली. हातभट्टीची बाजू घेण्याचे मला काही कारण नाही. नवसागर आणि काळा गूळ घालून केलेली ती वस्तू हळूहळू माणसाचे वाटोळे करतेच. परंतु गुळाच्या आंबण्यातून मेथॅनॉल जवळजवळ होतच नाही. फळांच्या सालींतून थोडेसे होते, इतकेच. भट्टी कितीही बिघडली तरी एका रात्रीत शंभर माणसे मारण्याइतके मेथॅनॉल तिच्यातून निघणार नाही. ते बाहेरून, पिंपातून, कोणीतरी आणून ओतावे लागते. म्हणजे हा स्वयंपाकातला बिघाड नाही, ही भेसळ आहे. कोठल्या तरी कारखान्याच्या, गोदामाच्या किंवा टँकरच्या दारातून माल मागच्या वाटेने बाहेर पडल्याखेरीज ती होत नाही.

२००४ च्या डिसेंबरअखेरीस विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसे अशी गेली. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीच्या लक्ष्मीनगर भागात शंभराहून अधिक गेली. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर दिवसभर अंगमेहनत करून आलेली हातावर पोट असणारी माणसे होती. मालवणीच्या खटल्याचा निकाल लागायला २०२४ उजाडले. सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले आणि दहा जणांना सोडले. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटादकडे चाळीसहून अधिक माणसे गेली, तेथेही कारखानी वापराचे मेथॅनॉल पाण्यात मिसळून विकले गेले होते. तेथे दारूबंदी, आपल्याकडे परवाना. दोन्ही राज्ये त्या १९४९ च्या कायद्याचीच लेकरे. ज्यांना वाटते की बंदी हा उपाय आहे आणि ज्यांना वाटते की बंदी हाच रोग आहे, त्या दोघांनीही या तीन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. माझ्या मते प्रश्न पिंपाचा आहे.

शरीरात काय घडते ते आता सांगतो, आणि येथे थोडा वेळ घेतो, कारण हे कळलेला एखादा शेजारी कोणाचा तरी जीव वाचवू शकेल. यकृतात एक वितंचक असते, त्याचे काम मद्यार्काचा निकाल लावणे. ते मद्यार्काचे अखेर व्हिनेगरातले आम्ल करते आणि शरीर ते जाळून टाकते. मेथॅनॉल आले की तेच वितंचक तेच काम इमानेइतबारे करते. पण एक कार्बन कमी असल्यामुळे निघते भलतेच : आधी फॉर्माल्डिहाइड, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयात बरण्यांतले अवयव ज्यात ठेवतात ते, आणि मग फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगीच्या दंशातले. हे आम्ल पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. रक्तात प्राणवायू असतो, छाती भात्यासारखी चालू असते, आणि पेशी गुदमरतात. सर्वांत आधी झळ लागते ती डोळ्याच्या मज्जातंतूला. माणूस सांगतो, की डोळ्यांपुढे धुके आले, सगळे पांढरे दिसते. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, शुद्ध मेथॅनॉल दृष्टी घालवायला पुरे होऊ शकते, आणि तीस मिलिलिटर जीव घ्यायला.

यातली फसवणूक अशी, की हे लगेच होत नाही. पिल्यावर थोडी झिंग येते, माणूस घरी जातो, झोपतो. बारा ते चोवीस तास काही विशेष दिसत नाही, कारण मेथॅनॉलाचे आम्ल व्हायला वेळ लागतो. बरोबर साधी दारू घेतलेली असेल तर त्याहून अधिक वेळ. मग पोटात कळ, उलटी, धाप, अंधुक दिसणे. घरचे म्हणतात, उतरेल. लिंबू देतात, डोक्यावर पाणी ओततात, आणि मोलाचे तास जातात. दारू पिऊन झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दिसेनासे झाले किंवा धाप लागली, तर त्याला उतरण्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि काय प्याला, कोठे प्याला, बरोबर कोण होते, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. कारण बरोबरचे चौघेही त्याच वाटेवर असतात, फक्त दोन तास मागे. पोलिसांच्या भीतीने लपवलेली माहिती अशा वेळी विषाइतकीच घातक ठरते.

उपचार आहे. फोमेपिझोल नावाचे औषध त्या वितंचकाला अडवते. ते नसेल तर डॉक्टर मोजून मापून शुद्ध मद्यार्कच देतात. वितंचकाला मेथॅनॉलपेक्षा मद्यार्क अधिक आवडतो, ते त्यात गुंतून राहते, आणि तोवर डायलिसिसने मेथॅनॉल आणि आम्ल बाहेर काढता येते. हे काम रुग्णालयाचे आहे. घरी कोणी बाटली उघडून वैद्यकी करू नये, हे हात जोडून सांगतो.

तिसरा भाऊ राहिला. आयसोप्रोपिल पोटात गेले तर शरीर त्याचे अ‍ॅसिटोन करते. गुंगी मद्यार्काहून जास्त येते, पोटात रक्तस्रावही होतो, पण मेथॅनॉलासारखे ते डोळे नेत नाही. त्याचे खरे दिवस आले ते २०२० साली. जागतिक आरोग्य संघटनेची हातावर चोळण्याच्या द्रवाची दोन सूत्रे आधीपासून होती. एकात ऐंशी टक्के इथेनॉल, दुसऱ्यात पंचाहत्तर टक्के आयसोप्रोपिल. मार्चनंतर साखर कारखान्यांच्या आसवन्यांना परवाने मिळाले आणि उसाच्या मळीचे सॅनिटायझर घरोघर पोचले. तेव्हा अनेकांनी विचारले, की नव्याण्णव टक्क्यांचे अधिक चांगले नाही का? नाही. जंतूंची प्रथिने गोठवायला थोडे पाणी लागते. शिवाय निव्वळ स्पिरिट कामाला लागण्यापूर्वीच उडून जाते. या एका ठिकाणी पातळ माल घट्ट मालाहून सरस आहे.

पण त्या वर्षीही पिंपाने आपला गुण दाखवला. सॅनिटायझरात मेथॅनॉल घालणाऱ्या टोळ्यांबद्दल सीबीआयला जून २०२० मध्ये राज्यांना इशारा द्यावा लागला. एप्रिल २०२१ मध्ये दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन मेले.

मग करायचे काय? मेथॅनॉल बंद करा, असे म्हणणे सोपे आहे, पण मग तुमचे प्लायवूड आणि निम्मी औषधे बंद करावी लागतील. इंग्लंडात मेथिलेटेड स्पिरिटाला जांभळा रंग देतात. आपल्याकडे मेथॅनॉलाच्या पिंपांतही रंग आणि कडू द्रव्य घालावे, असे मला वाटते. काही द्रव्ये इतकी कडू असतात की लाखात एक भागही जिभेला सहन होत नाही. कारखानदार म्हणतात, रंगाने आमचा माल बिघडेल. औषध करणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. थिनर विकणाऱ्यांचे तितकेसे नाही. ज्याला शुद्ध हवे त्याने बिनरंगाचे घ्यावे आणि लिटरालिटराचा हिशेब द्यावा, उरलेल्यांनी रंगीत घ्यावे. आणि किरकोळ दुकानात नुसते 'स्पिरिट' असे लिहिलेली बाटली विकू देऊ नये. आत तिघांपैकी कोण आहे ते मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. पंधरा लाखांच्या मोटारीवर इंधनाचे नाव लिहितात, मग वीस रुपयांच्या बाटलीवर लिहायला काय हरकत आहे?

वेळ संपत आली. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, तेवढ्या घेतो.

पहिली एका भगिनींची आहे. घरच्या घरी मेथॅनॉल ओळखता येते का, असे त्या विचारतात. वासाने नाही. चवीने तर पाहूच नये. काही जण सांगतात, की काडी लावून ज्योतीचा रंग पाहावा. मिसळलेल्या मालात त्यावरून काही ठरत नाही, आणि मेथॅनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही, त्यामुळे हात मात्र भाजेल. प्रयोगशाळेत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड करून क्रोमोट्रॉपिक आम्लाने जांभळा रंग आणतात. ते घरचे काम नव्हे.

दुसरी चिठ्ठी एका शिक्षकांची. शाळेतला स्पिरिटचा दिवा ठेवावा की नाही? ठेवावा, पण पेटता असताना त्यात वरून स्पिरिट ओतू नये. याची वाफ आपल्या मुंबईच्या हवेत बारा महिने पेट घेण्याजोगी असते. बाटली दूर, बूच घट्ट, ज्योत झाकणीने विझवायची, फुंकरीने नाही. आणि नवी बाटली आणाल तेव्हा दुकानदाराला विचारा, की यात इथेनॉल आहे की मेथॅनॉल. त्याला सांगता आले नाही, तर ती परत करा.